मिठाची पहिली चिमूट

फार फार पूर्वी, एका मोठ्या नदीपलीकडे नांगर न लागलेले गवताळ रान होते. तिथे दोन वस्त्या उभ्या राहिल्या. खालची वस्ती म्हणे, "विकत घेतलेली माणसं आम्ही इथंही राबवणार." वरची म्हणे, "या मातीत माणूस विकला जाणार नाही." बोलाचाली वाढली, कुऱ्हाडी निघाल्या, झोपड्या पेटल्या.

शेवटी दोघांनी एका वृद्ध पंचाला बोलावले. त्याने इतके ग्रंथ वाचले होते, की प्रत्येक गोष्टीच्या त्याला दोन बाजू दिसत. लोक थट्टेने म्हणत, "पंचबाबांना पाणी द्यायचं तर एकच तांब्या द्या. दोन दिलेत तर तहानेनं मरतील!"

पुष्कळ घालमेलीनंतर त्याने तोडगा काढला. दोन वस्त्यांमधून वाहणाऱ्या ओढ्याच्या खाली दास ठेवावेत, वर ठेवू नयेत. दोन्ही म्होरके राजी झाले. आता एकाच ताटलीतले मीठ दोघांनी चाखले, की तह पक्का.

ताटली खालच्या वस्तीतली एक दासी घेऊन आली. तिच्या पदराला चिमुरडी लेक बिलगली होती.

"बाबा," दासी हळूच म्हणाली, "हिला उद्या विकायचं ठरलंय. तुमच्या तहात हिचं काय?"

पंचाने जन्मभर दोन बाजू तोलल्या. ही तिसरी त्याला दिसलीच नव्हती. तो म्हणाला, "पहिली चिमूट ही आई घेईल. ही नको म्हणाली, तर तह नाही."

"उद्या माझ्या बैलालाही विचाराल!" खालचा म्होरक्या हसला.

"बैल मला बाबा म्हणत नाही."

दासीने ताटली खाली ठेवली. "नको," ती म्हणाली.

वरच्या म्होरक्याची मान खाली गेली. त्यानेही तिला कधी विचारले नव्हते. तो मायलेकींच्या पुढे येऊन उभा राहिला.

लढाई झाली. दोन्हीकडची तरणी माणसे पडली. पंचाचा पाय कायमचा अधू झाला. तीन वर्षांनी खालच्या वस्तीने सगळे दास मोकळे केले, तेव्हा नवा तह झाला. पहिली चिमूट त्याच आईने घेतली.

"पोरी, माझं चुकलं तर नाही ना? किती जीव गेले गं," म्हातारा पुटपुटला.

तिने त्याच्या तळहातावर मीठ ठेवले. "ते मला नाही सांगता येणार, बाबा. पण लेक घरी भाकरी थापतेय. चला, दोन घास खाऊन घ्या."

ज्याच्या मानेवर जोखड आहे, त्याला न विचारता केलेला तह ही शांतता नव्हे.