रंगाने लग्न डिस्कवर बसवलं

एका बाजाराच्या गावात रंगा नावाचा एक भोळा माणूस होता. दिगूशेठच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात तो कामाला होता. कॉम्प्युटर त्याला झकास चालवता यायचा. अडचण एवढीच, की सांगितलेलं तो जसंच्या तसं करायचा.

एकदा एका बारशाचं शूटिंग फार लांबलं. दिगूशेठ म्हणाले, "रंगा, हे एका डिस्कवर मावत नाही. जरा दाबून बसव."

रंगाने डिस्क स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर दाबून बसला. चहासुद्धा तिथंच बसून प्यायला. उठला तेव्हा डिस्कचे तुकडे झाले होते.

"हे काय केलंस?"

"बसवायला दुसरं कोणी नव्हतं शेठ, म्हणून मीच बसलो."

दिगूशेठनी कपाळाला हात लावला. "जाऊ दे. तसंही दाबलं की चित्र बिघडतंच. यापुढे दाबू नकोस. नको असेल ते काप."

मग पेडणेकर मास्तरांच्या निवृत्तीचा समारंभ आला. तोही लांबलचक. रंगा थेट मास्तरांच्या घरी गेला.

"मास्तर, यातलं काय नको?"

मास्तर संकोची. म्हणाले, "मी काय, नसलो तरी चालेल. मुलांचं तेवढं ठेव."

रंगाने मास्तर दिसतील तिथं कापले. डिस्क शाळेत लावली. पाहुणे बोलले, मुलं रडली, सगळ्यांनी जिलेबी खाल्ली. मास्तर कुठेच नव्हते.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "मग सत्काराची शाल आमच्या घरी आली कशी?"

दिगूशेठनी रंगाला समोर बसवलं. "आता दाबायचं नाही, कापायचं नाही. चित्र लख्ख राहिलं पाहिजे. मावलं नाही तर दोन डिस्क घे आणि निम्मं निम्मं घाल."

पुढचं काम यशोदाआत्यांच्या भाचीच्या लग्नाचं होतं. आत्यांनीच तिला लहानाची मोठी केली होती. पण ऐन लग्नात पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे जाता आलं नाही. निदान टीव्हीवर तरी लग्न बघू म्हणून त्यांनी सगळी गल्ली घरी बोलावली. मुठीमुठीत अक्षता दिल्या.

रंगाने डिस्क लावली. मंडपात नवरी एकटीच उभी. तिने हार उचलला, हात पुढे केले आणि हार टीव्हीच्या कडेला नाहीसा झाला.

"अरे, नवरा कुठाय?" आत्यांनी विचारलं.

"दुसऱ्या डिस्कवर. चित्र मधोमध निम्मं केलंय. बघा, कसं लख्ख आहे."

आत्यांचे डोळे भरून आले. शेवटी शेजारच्यांनी आपला टीव्ही आणि डिस्क लावायचं यंत्र उचलून आणलं. रंगाने दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी मांडले आणि दोन्ही डिस्क पहिल्यापासून एकदम सुरू केल्या.

पण टीव्ही उलटसुलट मांडले गेले होते. नवरीचं तोंड खिडकीकडे, नवऱ्याचं दाराकडे. दोघं पाठीला पाठ लावून उभे.

आत्या म्हणाल्या, "लग्नातच रुसलेत का हे? रंगा, बाबा, त्यांना समोरासमोर कर."

रंगा उठला. त्याने एक टीव्ही इकडून फिरवला, एक तिकडून फिरवला आणि दोन्हींची तोंडं एकमेकांना नीट भिडवली.

आतून मंगलाष्टकं ऐकू येऊ लागली. गल्लीने जरा वाट पाहिली. मग आत्यांनी पहिली मूठ उधळली आणि सगळ्यांनी दोन टीव्हींच्या पाठींवर अक्षता टाकल्या.