चक्कर येणाऱ्यांसाठी सूचना

सोलापुरात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन ठरली आणि तिची वैद्यकीय व्यवस्था डॉ. नसीम तांबोळींकडे आली. धावणारे बहुधा अंतिम रेषा ओलांडली की कोसळतात, म्हणून उपचारांचा तंबू त्यांनी रेषेला लागूनच आखला.

परदेशी निरीक्षकांसमोरच्या बैठकीत आयोजन समितीचे अध्यक्ष विक्रमराव शेंडगे यांनी नकाशावरचा तो तंबू खोडून तिथे मोठा चौकोन काढला. "तिथे माझा सत्काराचा मंच येईल. फोटोत सलाइनच्या बाटल्या नकोत. तंबू न्या वाहनतळामागे, अर्ध्या किलोमीटरवर."

समितीतल्या साऱ्यांनी माना डोलावल्या. नसीमताईंना त्या मानांचीच जास्त चीड आली. पण वाद न घालता त्यांनी एका कागदावर दोन ओळी लिहून तो पुढे सरकवला. "साहेब, एवढी सही द्या. अंतिम रेषेवर फलक लावावा लागेल."

सही म्हटल्यावर विक्रमरावांनी ऐटीत पेन काढलं आणि मोठ्यानं वाचलं, "ज्यांना चक्कर येत असेल त्यांनी प्रथम अर्धा किलोमीटर चालत वाहनतळामागे जावे व तेथेच पडावे. अध्यक्षांच्या हुकमावरून."

दुभाष्यानं तेही इमानानं इंग्रजीत सांगितलं. निरीक्षकांना हसू आवरेना.

विक्रमराव बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले. मग कुणाकडेही न पाहता त्यांनी नकाशा ओढला आणि स्वतःच्या मंचावर फुली मारली.