पदरातला नारळ

"...मग बाबा, तिला कायमची माहेरी धाडली, तर मला दोष लागेल का?"

गोसावीबाबा धुनीतलं लाकूड पुढे सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हैबतराव वाट बघत बसला. गावात त्याचा शब्द कधी खाली पडत नसे. इथे पडला, आणि कुणी उचललाही नाही.

त्याची बायको सगुणा मठाबाहेर पायरीवर बसली होती. तिला वाटत होतं, नेहमीसारखा नारळ घ्यायला आलोय.

मठाची रीतच होती तशी. मूल नसलेल्या बाईच्या पदरात बाबा नारळ घालायचे. तिने तो पदरात धरूनच भर पेठेतून घरी न्यायचा, वाटेत कुठे टेकवायचा नाही. पदर तसा धरलेला दिसला की बघणाऱ्याला सगळं कळायचं. सगुणाने तो पुष्कळदा नेला होता. हैबतराव तेव्हा ओढ्याकडच्या आडवाटेने घरी जायचा.

"आजवर काय काय केलं?" बाबांनी विचारलं.

"काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. सोमवार झाले, प्रदक्षिणा झाल्या, अंगारे झाले. वैद्यांचे काढे झाले."

"तू केलंस?"

"तिनं."

"वैद्यांनी तुझी नाडी बघितली?"

"मला काय धाड भरलीय?"

वैद्यांनी दोघांनाही बोलावलं होतं. तो निरोप त्याने सगुणापर्यंत पोचूच दिला नव्हता. त्याला भीती वाटत होती. गावच्या पंचायतीत आवाज चढवणारा माणूस, पण आपली नाडी दुसऱ्याच्या हातात द्यायला घाबरत होता.

घरात बोलणं मीठभाकरीपुरतं उरलं होतं. परवा भावकीत बारसं झालं. सगुणा पाळण्याला हात लावायला पुढे झाली, तर कुणीतरी पाळणाच बाजूला ओढला. घरी येऊन ती भांडी घासत बसली. घासलेलीच पुन्हा घासत होती. हैबतरावाने दारातून पाहिलं. त्याला रडू येत होतं, म्हणून तो शेतावर निघून गेला.

"मी मेल्यावर मला पाणी कोण देणार, बाबा?" त्याचा आवाज फाटला.

"आज तहान लागली की कोण देतं?"

बाबा उठले. कोनाड्यातला नारळ त्यांनी हातात घेतला. हैबतरावाला हायसं वाटलं. त्याने दाराकडे तोंड करून हाक दिली, "अगं, आत ये. पदर पसर."

"तिचा राहू दे," बाबा म्हणाले. "तुझं उपरणं पसर."

"माझं?"

"पसर."

पुरुषाची ओटी भरलेली कुणी ऐकलीय? पण बाबांपुढे नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्याने उपरणं पुढे केलं. नारळ पडला. तो वाटला होता त्याहून जड होता.

"पेठेतून जा. झाकायचा नाही, टेकवायचा नाही. घरी पोचलास की मग ठरव, हिला माहेरी धाडायची का."

सगुणा हाक ऐकून दारात आली होती. शेवटचं तेवढं तिच्या कानावर पडलं. पसरायला म्हणून धरलेला पदर तिच्या मुठीतच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. नुसती बघत राहिली, आणि हैबतरावाला ती नजर सोसवेना.

त्याने मान खाली घातली. खाली नारळ होता.

बाहेर ऊन चढलं होतं. पेठ भरली असणार, पारावर मंडळी बसली असणार.

"बाबा... वाटेत लोक विचारतील. त्यांना काय सांगू?"

बाबा पुन्हा धुनीपाशी बसले होते.

"तिला विचार. तिला पाठ आहे."