पाप्याला धरणारी फट

लेणी-गुहा पाहायची हौस जहागीरदार सर्जेरावांची, आणि त्यांच्यामागून धडपडत हिंडायची पाळी त्यांच्या आश्रित धुंडिराजशास्त्र्यांची. त्या दिवशी तर गावकऱ्यांसकट सगळे एका खोल गुहेच्या पोटात उतरले. शेवटी कातळात अरुंद फट होती, पलीकडे महादेवाची पिंड. पापी माणूस आत शिरला तर फट त्याला आवळून धरते, असं गावकरी सांगत.

“शास्त्रीबुवा, आधी तुम्ही,” सर्जेराव हसून म्हणाले. “की पोटात काही दडवलंय?”

मशाल फटीजवळ नेताच विझायला आली. शास्त्र्यांनी फटीत डोकावून पाहिलं. नाही म्हणावं तर चारचौघांत पापी ठरणार, आश्रय जाणार. शिरावं तर कायमचं आतच. जन्मभराच्या व्यासंगातलं एक वचन आठवेना. आठवलं ते सकाळचं जेवण.

“जातो, सरकार,” ते चाचरत म्हणाले. “पण इतकी वर्षं मी तुमच्याच पंगतीला जेवतोय, आणि ज्याचं अन्न खावं त्याचं पापही खाणाऱ्याला लागतं. मी अडकलो, तर ही मंडळी पाप कोणाचं समजतील?”

अंधारात कुणीतरी खोकलं. सर्जेरावांचं हसू मावळलं.

“फार कोंदट आहे इथे,” ते म्हणाले. “सगळ्यांनी इथूनच हात जोडा.”

बाहेर आल्यावर सर्जेरावांचा कारभारी म्हणाला, “शास्त्रीबुवा, काय बिनतोड बोललात!”

शास्त्री उपरण्याने घाम पुसत गुहेकडे पाहत होते. फटीने खरंच कोणाचं पाप धरलं असतं, हे त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं.