बोलून झालेला ससा

एक होता राजा. पण फार मोठा नव्हता बरं का. त्याच्या राज्याच्या या टोकाला कोंबडा आरवला की त्या टोकाची माणसं तोंड धुवायला उठायची, एवढंच त्याचं राज्य. राजवाडा होता, पण कौलं शाकारायची वेळ आली की राजा स्वतः खाली उभा राहून एकेक कौल वर द्यायचा. असा साधा राजा.

मग राजाचं लग्न झालं. राणी आली लांबून, दोन नद्या आणि एक घाट ओलांडून. माहेरी तिचं नाव होतं भिंगरी. लहानपणी ती एका जागी म्हणून बसायची नाही, नुसती गरगर गरगर. म्हणून आईनंच ते नाव ठेवलेलं. पण लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत होती ना. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, राजलक्ष्मी. त्या दिवसापासून सगळे म्हणायला लागले, राजलक्ष्मीदेवी या, राजलक्ष्मीदेवी बसा.

राणीला त्याचं काही वाटलं नाही. माहेरी गेलं की आई हाक मारायचीच, भिंगरी. पण वर्षभरातच तिची आई देवाघरी गेली. आणि मग त्या नावानं हाक मारणारं जगात कुणीच उरलं नाही.

राणी जेवेना. हसेना. खिडकीशी बसून राही. राजानं विचारलं, तुम्हाला काय हवंय? ती म्हणे, काही नको. खोटं नव्हतं ते. साडी मागता येते, चंद्रहार मागता येतो. हाक कशी मागायची?

राजा बिचारा जिवाचा चांगला. त्यानं तिच्यासाठी शिसवी झोपाळा करून घेतला. राणी दोन झोके घेऊन उतरली. मग त्यानं पोपट आणला. पोपट दिवसभर राजलक्ष्मी राजलक्ष्मी ओरडायचा, तो तिनं सोडून दिला. मग कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आणला. बाहुल्या नाचल्या, सगळी नगरी हसली, आणि राणी तशीच. वैद्य आले, नाडी बघितली, म्हणाले की रोग काही नाही, पण अशाच राहिल्या तर जगणार नाहीत. राजा राणीला म्हणाला, चला, निदान बाजार तरी बघून येऊ.

आता काय झालं, नगरीच्या बाजारात वर्षभरापासून एक ससेवाला येत होता. त्याच्याकडे ससे होते पांढरेशुभ्र, कापसाच्या बोंडासारखे, बांबूच्या पिंजऱ्यांत बसलेले. आणि ते ससे बोलायचे. हो, बोलायचे! पण आयुष्यात एकदाच आणि एकच शब्द. सशाचे कान एवढे लांब कशाला असतात? माणसाच्या मनातलं ऐकायला. ज्याच्या मांडीवर ससा बसे, त्याला जे नाव ऐकायची ओढ असेल, तेच नाव ससा हळूच म्हणायचा.

राजा-राणी बाजारात गेले, तेव्हा एक बाई ससा घेत होती. चांगली धट्टीकट्टी, तोंडानं फटकळ, गावात सगळे तिला वचकून असायचे. ससा तिच्या मांडीवर बसला, वर बघितलं आणि म्हणाला, "छबू."

बस, एवढंच. पण ती बाई भर बाजारात पदरात तोंड लपवून रडली, आणि मग हसत हसत ससा घेऊन घरी गेली.

राणीचं काळीज धडधडायला लागलं. तिला कळलं, आपल्याला हेच हवंय. राजा म्हणाला, घ्या ना, हवा तो घ्या. पण राणीला वाटलं, सगळ्यांसमोर नको. आपण एकटीच येऊ, तेव्हा घेऊ. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग पुढच्या बाजाराच्या दिवशी राणी एकटीच निघाली. साधं लुगडं नेसली, कुणी ओळखू नये म्हणून पदर पुढे ओढला. वाटेत बघते तर तीच बाई समोरून चाललेली. पदराखाली पांढरं काहीतरी. बाई वळली पांजरपोळाकडे. पांजरपोळ ठाऊक आहे ना? म्हातारी गुरं, लंगडी घोडी, ज्यांना कुणी नाही अशी जनावरं सांभाळतात, ती जागा. राणी तिच्या मागोमाग गेली.

बाईनं ससा दारातल्या म्हातारीच्या हातात ठेवला. म्हणाली, "आता बोलत नाही हो हा. मी रोज मांडीवर घेऊन बसते, ऐकतच नाही. नुसतं गवत खातो आणि लेंड्या टाकतो. मी काय करू?" आणि मागे न बघता गेली.

ती म्हातारी म्हणजे यमूआत्या. पांजरपोळ तीच बघायची. नवरा त्याच कामात गेला, मग तिनं ते पुढे चालवलं. तिनं सशाला पोटाशी धरलं, आत नेलं, आणि पाठोपाठ राणीही आत गेली. आत बघते तर काय, ससेच ससे! कुणी कोपऱ्यात, कुणी गव्हाणीखाली, कुणी म्हाताऱ्या बैलाच्या पायाशी. धुळीनं मळलेले, पण सगळे ससेवाल्याचेच.

यमूआत्यानं सांगितलं की हे सगळे बोलून झालेले ससे. प्रत्येकानं कुणाला तरी हाक मारली, आणि ज्याला मारली त्यानंच इथं आणून सोडलं.

त्यांत एकच ससा तपकिरी होता. जुन्या चिंचेच्या खोडासारखा रंग, अंगानं मोठा, भिंतीकडे तोंड करून बसलेला. राणीनं हात पुढे केला तर त्यानं मागचा पाय धप्पकन आपटला आणि तिच्या बोटाला चावला.

"यानं कुणाला हाक मारली होती?" राणीनं बोट चोखत विचारलं.

"कुणास ठाऊक," यमूआत्या म्हणाली. "ससे ते सांगत नाहीत. पण हा सगळ्यांत आधी आलाय. दारात पाऊल वाजलं की अजून कान उभे करतो."

राणी त्या दिवशी बाजारात गेलीच नाही. घरी आली, आणि दिवसभर तिच्या मनात दोन ससे. एक पांढरा, तो भिंगरी म्हणणार. आणि एक तपकिरी, तो काहीच म्हणणार नाही. वर चावणार.

मुक्ते, तू असतीस तर कुठला घेतला असतास? बघ हां, लगेच सांगू नकोस. आपल्या आईची हाक ऐकायला मिळणार असेल तर माणूस काय काय करेल. राणीला तपकिरी ससा आवडला म्हणून तिची ओढ काही कमी झाली नव्हती. तिला पांढराच हवा होता. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हवा होता.

म्हणून तिसऱ्या बाजारी ती सरळ ससेवाल्याकडे गेली. त्यानं तिला ओळखलं. त्याला केवढा आनंद झाला! त्यानं सगळ्यांत गोजिरवाणा ससा काढून तिच्या मांडीवर ठेवला. ससा इवलासा, ऊनऊन, त्याचं काळीज बोटांखाली टकटक वाजत होतं. त्यानं मान वर केली. राणीकडे बघितलं. कान मागे गेले. आणि त्यानं तोंड उघडलं.

राणीनं पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नको रे," ती म्हणाली. "राहू दे. तुझा शब्द तुझ्याजवळच ठेव."

ससेवाला घाबरला. ससा आवडला नाही का, दुसरा देऊ का, असं विचारायला लागला. राणी म्हणाली, "आवडला. पण मी याला नेलं तर रोज याच्या तोंडाकडे बघत बसेन. बोलेपर्यंत वाट बघेन, आणि बोलला की पुन्हा बोलावं म्हणून वाट बघेन. माझ्या हातून याचं भलं व्हायचं नाही."

तिनं ससा परत दिला. आणि ती उठून पांजरपोळात गेली, तो तपकिरी ससा मागायला.

यमूआत्यानं आधी तिला बसवून पाणी दिलं. मग म्हणाली, "राणीसाहेब, कीव आली म्हणून नेत असाल तर नेऊ नका. कीव चार दिवसांची असते. याच्याजवळ जमिनीवर बसायला सवड असेल तर न्या."

"सवड पुष्कळ आहे माझ्याकडे," राणी म्हणाली. "तेवढंच आहे."

मग तपकिरी ससा राजवाड्यात आला. आणि आल्या आल्या राजाच्या पलंगाखाली जाऊन बसला, तो निघेचना! राजानं वाकून बघितलं तर पाय आपटला, धप्प. रात्रीतून त्यानं राजाचा एक जोडा कुरतडला. मग शेल्याची जर खाल्ली. मग दरबारात घालायच्या अंगरख्याचा बंदच तोडला. दरबारात राजा एका हातानं अंगरखा धरून न्याय करत बसला, बरं का. पण राणीला एका शब्दानं बोलला नाही. कारण त्यानं बघितलं होतं, राणी खिडकीपासून उठली होती.

रोज दुपारी राणी पलंगाजवळ जमिनीवर बसायची. पुढ्यात हरळी आणि कोथिंबिरीची काडी ठेवायची. आणि करायला दुसरं काही नाही म्हणून त्याच्याशी बोलायची. माहेरच्या नदीचं सांगायची. चिंचा पाडताना फाटलेल्या परकराचं सांगायची. आई अंगणात उभी राहून कशी हाक मारायची, तेही सांगायची. तो बोलणार नाही हे तिला माहीतच होतं, म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. आपली बोलत राहायची. आधी ससा आतून नुसता डोळे लुकलुकवायचा. मग काडी ओढून न्यायला लागला. मग एका दुपारी बाहेर आला आणि त्यानं आपलं जड डोकं राणीच्या पावलावर टेकवलं. दात हळूहळू कुरकुरवले. ससा खुशीत असला की तसंच करतो.

राणी हलली नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलली नाही. डोळे मात्र वाहायला लागले.

राजा दुसरा जोडा शोधत दारात आला होता. त्यानं हे बघितलं. तो आवाज न करता आत आला आणि राणीशेजारी खाली जमिनीवर बसला. राजा झाल्यापासून तो जमिनीवर बसलाच नव्हता. मग त्यानं विचारलं, "तुमच्या आई तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारायच्या?"

"भिंगरी," राणी म्हणाली.

"मी मारली तर चालेल?"

राणीनं त्याच्याकडे बघितलं. "चालेल," ती म्हणाली. "पण रोज मारावी लागेल."

"रोज मारेन," राजा म्हणाला. आणि मग, "भिंगरी," तो म्हणाला, "माझी आई मला भोपळा म्हणायची."

राणीला असं हसू आलं, असं हसू आलं, की ससा दचकून पुन्हा पलंगाखाली गेला. मग दोघांनी पोटावर पालथं पडून त्याची समजूत काढली. राजा-राणी पालथे! आणि त्या रात्री राणीनं दोनदा भात मागून घेतला.

आता ससेवाल्याचं काय झालं ते ऐका. दिवाळीच्या सुमाराला तो राजवाड्यात आला. मोकळ्या हातांनी आला, आणि खांद्यावर तो पांढरा ससा बसलेला. राणीनं हात ठेवला तोच. ससेवाल्यानं सांगितलं की तुम्ही गेल्यापासून हा कुणाच्या मांडीवर तोंडच उघडेना. गिऱ्हाईक त्याला परत करायचं. मला राग आला, टाकून द्यावा वाटलं. पण गाडीत एक पिंजरा जास्त म्हणून राहिला माझ्याबरोबर. मी भाकरी खाताना बाहेर काढायचो त्याला. पावसात पांघरुणात घ्यायचो. सवय झाली.

"आणि परवा सकाळी मी चूल पेटवत होतो," ससेवाला म्हणाला, "तर माझ्या मागून हा म्हणाला, बारकू."

एवढं बोलून त्यानं सशाला खांद्यावरून उतरवून कुशीत घेतलं. लहानपणापासून तो पोरका. गावोगाव हिंडायचा, सगळे त्याला अरे ससेवाल्या म्हणायचे. बारकू म्हणणारं कुणी नव्हतं. इतक्या सशांनी इतक्यांना हाका मारल्या, पण त्याच्या मनातलं नाव विचारायला तो कधी कुठल्या सशाजवळ बसलाच नव्हता.

राणी म्हणाली, "बारकूभाऊ, बसा. जेवून जा." आणि ससेवाला राजाच्या पंगतीला पोटभर जेवला. पुन्हा त्यानं ससा विकला नाही. तो पांजरपोळातच राहिला, यमूआत्याच्या हाताखाली. गवत कापायचा, गव्हाणी धुवायचा. घरोघर जाऊन विचारायचा, कुणाकडे जमिनीवर बसायला सवड आहे का? हळूहळू ससे घरोघरी जायला लागले. ती फटकळ छबूबाईसुद्धा एक दिवस आली, लाजत लाजत. तिनं आपला ससा बरोब्बर ओळखला आणि पदराखाली घालून नेला.

काय रे निनाद? तपकिरी ससा पुढे बोलला का? नाही बाळा. कधीच नाही. त्याचा शब्द त्यानं आधीच दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता. राणीनंही त्याला कधी मागितला नाही. तो पुष्कळ वर्षं जगला, गुबगुबीत झाला, उन्हात पसरून झोपायचा. राजवाड्यात मुलं झाली, ती त्याच्या अंगावरून रांगली. राणी रोज दिवेलागणीला त्याच्याजवळ जमिनीवर बसायची, त्याच्या कानामागे खाजवायची आणि म्हणायची, "तू आलास म्हणून मी खाली बसले रे बाबा. तुझे उपकार." तो दात कुरकुरवायचा. बस, एवढंच.

राजा सुखात, राणी सुखात, ससे सुखात, बारकूसुद्धा सुखात. आता तुम्ही दोघं पांघरूण कानापर्यंत ओढा बघू. पाणी प्यायचं राहिलंय का कुणाचं? नाही ना? मग मिटा डोळे.