म्हातारी काय म्हणत होती

"...मग मेलेलं माणूस बोलायचं कधी थांबतं, बाबा?"

फकीर चिंचेखाली फावड्याचा दांडा ठोकून बसवत होता. त्याने मान वर केली नाही.

"कोण बोलतंय?"

"एक म्हातारी. नऊ दिवस झाले तिला जाऊन."

"कुठे बोलते?"

"कानात. पुस्तक उघडलं की. जेवायला बसलं की..."

भर दुपार होती. दर्ग्यामागच्या त्या माळावर शहरातली बेवारस प्रेतं पुरत असत. खड्डे काढायचं काम चाळीस वर्षं या फकिराकडेच होतं. वारा अजिबात नव्हता. तरी चिंचेची एकच फांदी हलत होती.

"नाव काय तुझं?"

"ललित. डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे."

फकीर थांबला. नुसता बघत राहिला.

"लालसू," पोरगा शेवटी म्हणाला. "लालसू पुंगाटी. भामरागडच्या पलीकडचं गाव आमचं. माडिया आहे मी."

"मग ललित कोण?"

"आधीच्या कॉलेजात खरं नाव सांगितलं होतं. पोरं विचारायची, तुमच्याकडे कपडे घालतात का? येताना बंदूक आणलीस का? एकदा मेसमध्ये ताटाशेजारी मेलेला उंदीर ठेवला. म्हणाले, तुझ्यासाठी खास... वर्षभराने बदली घेऊन इथे आलो. इथे मी नागपूरचा ललित. बोलणं असं घासून घेतलंय, आता कोणी ओळखून दाखवावं!"

त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"म्हातारीने ओळखलं?"

पोराने पायाखालचा खडा उडवला.

मग त्याने सांगितलं ते असं. म्हातारी रस्त्याच्या कामावरच्या टोळीबरोबर आलेली. तापाने पडली आणि टोळी पुढे निघून गेली. कोणीतरी तिला दवाखान्यात आणून टाकलं. ती तीन दिवस तेच तेच काहीतरी पुटपुटत होती. राउंडला आलेले सर तिच्या खाटेपाशी थांबले आणि मागे वळून म्हणाले, "ही भाषा कोणाला कळते का रे?"

आठ विद्यार्थी उभे होते. एक जण म्हणाला, "सर, भाषा कसली, जंगलातले आवाज आहेत ते."

सगळे हसले.

"तू?" फकिराने विचारलं.

"मीही हसलो, बाबा."

हसता हसता त्याची नजर म्हातारीकडे गेली. ती त्याच्याकडेच बघत होती. त्याच्या गळ्याकडे, कानांकडे, हाताच्या बोटांकडे... घरचं माणूस बघतं तसं. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी होती.

"काय म्हणायची ती?"

"मला... नीट ऐकू आलं नाही."

"नावा लोन, असं?"

पोरगा एक पाऊल मागे सरला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

फकिराने फावड्याने कुंपणाकडे दाखवलं. तिथे एक ताजा उंचवटा होता.

"रोज या वेळेला म्हणते. आधी 'नावा लोन', मग 'कोहकापल्ली'. शब्द पाठ झाले, अर्थ लागत नाही. चाळीस वर्षांत असं बरंच पाठ झालंय मला."

लालसू मटकन खाली बसला.

"माझं घर, असा अर्थ आहे," तो म्हणाला. "कोहकापल्ली तिचं गाव. आमच्या गावापासून तीन डोंगर पलीकडे. मामाचं घर आहे तिथे माझ्या."

"मला कशाला सांगतोस? तिला सांग, कळलं म्हणून."

तो उंचवट्यापाशी गेला, गुडघे टेकले, मातीवर तळवा ठेवला. उन्हाने सगळा माळ भाजत होता. ती माती मात्र थंडगार होती.

माडियात बोलून दोन वर्षं झाली होती. गावी जायचंही त्याने टाळलं होतं. पहिला शब्द त्याला शोधावा लागला. मग निघाला. मग एकामागून एक निघत गेले. आजी, तुझं गाव कोणतं? घरी कोण कोण आहे? ती मेलेली आहे हे ठाऊक असूनही तो उत्तराची वाट बघत राहिला...

तळव्याला खालून काहीतरी लागलं. थोपटल्यासारखं. एकदाच.

तो ओरडला नाही. हातही काढला नाही.

त्याच दुपारी तो दवाखान्याच्या कचेरीत गेला. म्हातारीच्या कागदावर 'अनोळखी' लिहिलेलं होतं, तिथे गावाचं नाव घालायला लावलं. "तुला कसं माहीत?" कारकुनाने विचारलं. त्याने खाली आपलं पूर्ण नाव आणि गाव लिहून दिलं. मामाला निरोप धाडला.

सहाव्या दिवशी म्हातारीचा मुलगा आला. इरपा त्याचं नाव. दोन दिवस प्रवास करून आलेला, पायात काही नाही. आईचं नाव जोगी होतं, हे त्याच्याकडून कळलं. गावी रीतीप्रमाणे तिच्या नावाचा दगड उभा करायचा होता; त्याखाली घालायला त्याने उंचवट्याची ओंजळभर माती पंच्यात घेतली.

मग त्याने लालसूला माडियात विचारलं, "जाताना काही म्हणाली का?"

"म्हणाली. मला कळलं होतं. मी गप्प बसलो."

इरपा त्याच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. मारेल असं वाटलं. शेवटी त्याने पंच्याचं एक टोक पुढे केलं.

"गाठ मार," तो म्हणाला. "माझे हात थरथरतायत."

लालसूने गाठ मारली.

इरपा गेल्यावर लालसू चिंचेखाली येऊन बसला. कानात आता काही वाजत नव्हतं. पण चेहरा उतरलेला होता.

"कचेरीतून वसतिगृहात सगळ्यांना कळलंय, बाबा. सकाळी माझ्या दारावर कोळशाने माकड काढून ठेवलं होतं. खोलीतला जोडीदार सामान घेऊन दुसरीकडे गेला. पुन्हा तेच सगळं..."

"पुसलंस?"

"नाही. तसंच ठेवून आलो. पण भीती वाटते. एवढ्या सगळ्यांत मी एकटा कसा राहू?"

फकीर उठला. फावडं खांद्यावर टाकून माळाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे एक जुना, खचलेला उंचवटा होता. त्यावर गवत माजलं होतं. तो वाकला आणि कान देऊन ऐकत राहिला...

"हा सहा वर्षं बोलतोय," तो तिथूनच म्हणाला. "हाही तुमच्याच दवाखान्यातून आला, भाषा कोणालाच कळली नाही म्हणे. तुमच्या कॉलेजात अजून कोण कोण गप्प बसलंय, विचार जरा."