तीन वशिंडांचा उंट

"आम्हाला तीन वशिंडांचा उंट पाहिजे," असं गुणवाडीच्या राजाने भर दरबारात सांगितलं, आणि उंट सांभाळणाऱ्या कमळोजी सारवानाच्या हातातली काठी गळून पडली.

त्याचं असं झालं होतं. राजाकडे दोन वशिंडांच्या उंटांची एक जोडी होती. बर्फाच्या मुलखातल्या व्यापाऱ्यांनी नजराणा म्हणून दिलेली. दसऱ्याच्या मिरवणुकीत ती जोडी पुढे चालायची, आणि मागून राजा मिशीला पीळ देत यायचा. पण यंदा शेजारच्या मांडकीच्या राजानेही तश्शीच जोडी आणवली. झालं! तेव्हापासून आमच्या राजाला जेवण गोड लागेना.

दिवाण केसोपंत हिशेबाला पक्के. ते पुढे होऊन म्हणाले, "सरकार, यात अवघड ते काय? आपली उंटीण दोन वशिंडांची. तिला आपल्याकडचा एका वशिंडाचा नर दाखवू. दोन आणि एक किती?"

राजाने जरा विचार केला. "तीन."

"वाहवा," दरबार म्हणाला.

कमळोजीने हात जोडले. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या उंटच वाढवलेले. थंडीत जोड लावायची, वीण सांभाळायची, उन्हाळ्यात अंगावरची लोकर सुटून लोंबायला लागली की ती काढून घोंगड्या विणायच्या, एवढंच त्याला ठाऊक. तो म्हणाला, "सरकार, जनावराचं असं बेरजेनं होत नाही."

"म्हणजे दिवाणांची बेरीज चुकली?"

"तसं नाही, सरकार..."

"मग झालं तर. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या दसऱ्याला मिरवणुकीत तीन वशिंडं दिसली पाहिजेत. नाहीतर तू उंट घेऊन राहतोस तो माळ खाली करायचा आणि सगळे उंट सरकारजमा."

कमळोजी घरी आला तेव्हा त्याची लेक सगुणा लोकर पिंजत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग आबा, तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? जी म्हणालो."

"बरं केलंत. नाही म्हणाला असतात, तर माळ आजच गेला असता."

थंडीत जोड लागली. उंटीण गाभण राहिली. राजा हट्टी होता, पण चिक्कू नव्हता. त्याने हुकूम दिला, "तीन वशिंडं भरायची आहेत, तेव्हा खुराक तिप्पट धाडा." कोठारातून रोज हरभरा, गूळ आणि तूप भरून गाडी निघू लागली. निघताना कोठावळे म्हणायचे, "माल वाळण्यात थोडं जातंच," आणि ते थोडं त्यांच्या घरी जायचं. पुढे दिवाणांच्या वाड्यापाशी बैल पाणी प्यायला थांबायचे. बैलांचं पाणी पिऊन होईपर्यंत गाडी बरीच हलकी व्हायची. माळावर पोचायची ती एक टोपली.

"वाटेत सांडतं, ताई," गाडीवान मान खाली घालून सांगायचा.

"रोज सांडतं, तर एव्हाना वाटभर हरभरा उगवायला हवा होता," सगुणा म्हणायची.

"गप गं," कमळोजी तिला दटावायचा. "राजाला सांगायला जावं, तर दिवाण राजाच्या कानाशीच उभे."

यथावकाश उंटीण व्याली. पिल्लू मोठं गोड. आईसारखं केसाळ, बापासारखं उंच पायांचं, आणि सगुणाच्या मागे मागे फिरणारं. फक्त जसजसं वाढत गेलं, तसतसं पाठीवर वशिंड आलं ते एकच. लांबट होतं, पण एक.

ठरलेला दसरा उजाडला. राजा, दिवाण, कोठावळे, सगळा लवाजमा माळावर हजर. राजाने पिल्लाला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग खाली वाकूनही पाहिलं.

"एकच?" राजा गरजला. "बाकीची दोन कुठे गेली?"

दिवाण घाईने म्हणाले, "सरकार, या लोकांनी हयगय केली. कोठारातून तीन वशिंडांचा पुरेपूर खुराक निघाला आहे. रोज माझ्या डोळ्यांसमोर."

"माझ्या हातानं मापून दिलाय," कोठावळ्यांनी दुजोरा दिला.

सगुणा पुढे झाली.

"सरकार, दिवाणजी खरं तेच बोलताहेत. खुराक तीन वशिंडांचाच निघाला."

"मग वशिंडं कुठायत?"

"तिन्ही इथंच आहेत, सरकार. वशिंड म्हणजे तरी काय? खाल्लेलं साठवायची जागा. जिथं खुराक पोचला, तिथं वशिंड उगवलं. एक माळापर्यंत आलं, ते या पिल्लाच्या पाठीवर. बाकीची दोन वाटेतच उगवली." तिने पदर सावरून नजर खाली घातली. "फक्त ती पाठीवर न येता पुढून आली, एवढंच."

राजाने दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांचा कमरबंद दोन वर्षांत पोटाखाली घसरला होता. मग कोठावळ्यांकडे पाहिलं. कोठावळ्यांनी श्वास आत ओढून धरला, पण पोट काही आत जाईना. राजाने बोटाने मोजलं. एक, दोन, आणि पिल्लाचं तीन.

आणि राजा हसायला लागला. असा हसला, की पिल्लू दचकून सगुणाच्या मागे लपलं.

"दिवाणजी, तुमची बेरीज बरोबर आली," तो डोळे पुसत म्हणाला. "कमळोजी, हा माळ तुझा, लेकरानातवंडांपर्यंत. पोरी, कोठाराच्या किल्ल्या आजपासून तुझ्याकडे. आणि मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघेल. मध्ये पिल्लू, पुढे दिवाणजी, मागे कोठावळे. मांडकीच्या राजाला मोजू दे किती वशिंडं होतात ती!"

"पायी, सरकार?" दिवाण कळवळले. "एवढं चालायचं म्हणजे जीव जाईल."

"नाही जायचा, दिवाणजी," सगुणा म्हणाली. "उंटाचं वशिंडसुद्धा चालून चालूनच उतरतं."